‘ताई, इतिहास वाचत जा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या ख्रिस्ती विश्वासाच्या) रविवारच्या निमित्ताने लिहिलेल्या माझ्या लेखावर परवा रात्री एक लांबलचक प्रतिक्रिया आली. लिहिणाऱ्याने नाव दिलेलं नाही, म्हणून मी नुसतं ‘तुम्ही’ म्हणते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा मजकूर थोडक्यात असा: त्रैक्य हा शब्द बायबलमध्ये कुठेच नाही, एक अधिक एक अधिक एक म्हणजे तीन, हे पहिलीतल्या पोरालाही कळतं, ही सगळी कल्पना ब्रह्मा-विष्णू-महेशावरून उचललेली, येशू स्वतःच म्हणतो की पिता माझ्यापेक्षा थोर आहे, आणि ‘३२५ साली कॉन्स्टंटाइन बादशहाने नायसियात बिशप जमवले, मतदान घेतलं आणि एका सुताराला देव केलं.’ शेवटी दोन वाक्यं खास माझ्यासाठी: ‘ताई, इतिहास वाचत जा. तुमच्या पणज्याने पोतंभर ज्वारीसाठी धर्म सोडला आणि तुम्ही आम्हाला देव शिकवता.’

तुमचं जे बरोबर आहे ते आधी सांगते. नायसियाच्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) परिषदेला ३१८ बिशप जमले होते, असं मी लेखात ठासून लिहिलं होतं. हा आकडा अब्राहामाच्या ३१८ माणसांवरून रूढ झाला, असं तुम्ही दाखवून दिलंत. बायबलमधल्या उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायात ती संख्या आहे खरी. परिषदेला स्वतः हजर असलेला कैसरियाचा बिशप युसेबियस अडीचशेहून अधिक एवढंच म्हणतो. लेखात दुरुस्ती केली आहे. त्याबद्दल आभार.

आता ज्वारीचं पोतं. ज्यांना तुम्ही कधी पाहिलं नाही, त्या माझ्या पणजोबांना तुम्ही ‘पणज्याने’ म्हणता आणि त्याच प्रतिक्रियेत मला ताई म्हणता. असलं ताईपण मला नको. आमचं घर नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या महारवाड्यातलं. मेलेली जनावरं ओढायची, गावची राखण करायची, निरोप घेऊन गावोगाव पळायचं, आणि त्याबद्दल सुगीला खळ्यावर बलुतं मागायचं, हे पणजोबांचं काम. बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी मेलेलं जनावर ओढायला नकार दिला आणि गावाने बलुतं बंद केलं. त्या वर्षी खळ्यावरून सूपभर ज्वारीसुद्धा घरात आली नाही. ही हकिगत मी आजीच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे की ते रिकामं सूप मला डोळ्यांपुढे दिसतं. धर्म बदलून आमच्या घरात धान्य आलं नाही, होतं तेही गेलं. आणि ते गेलेलंच आहे. अनुसूचित जातींसाठीच्या १९५० च्या आदेशात पुढे १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती झालेला दलित आजही त्या यादीबाहेर आहे. माझ्या धाकट्या भावाला अर्ज भरताना त्या रकान्यासमोर काय लिहायचं हा प्रश्न पडला होता, तेव्हा मी त्याच्या शेजारी बसले होते. पोत्याची भाषा करण्याआधी एवढं तरी विचारायचं होतंत.

‘इतिहास वाचत जा’ म्हणालात ना, तर वाचूया. माझे वडील पाळक होते. त्यांच्या मागे राहिलेला ग्रीक नवा करार वाचता यावा म्हणून पस्तिशी उलटल्यावर, शाळेची नोकरी आणि दोन मुलं सांभाळून, मी ग्रीक शिकले. हा विषय मी कुठल्याशा व्हिडिओवरून उचललेला नाही.

तुमचं ते एकच वाक्य घेते, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे: ‘मतदान घेऊन सुताराला देव केलं.’ नायसियात येशू माणूस की देव असा वाद नव्हताच. आलेक्सांद्रियाचा धर्मगुरू आरियस याच्या मतेसुद्धा पुत्र, म्हणजे येशू, हा सगळ्या सृष्टीच्या आधीचा, आणि जग त्याच्याचद्वारे निर्माण झालेलं. मात्र तो पित्याने घडवलेला, पहिला आणि सर्वश्रेष्ठ. ‘तो नव्हता असा एक काळ होता’ हे आरियसपंथीयांचं वाक्य, आणि ते नायसियाच्या मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या जाहीरनाम्यात, शब्दशः देऊन धिक्कारलेलं आहे. म्हणजे प्रश्न होता तो हा: ज्याची आपण भक्ती करतो, ज्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो, तो घडवलेल्यांपैकी एक आहे की घडवणाऱ्याच्या बाजूचा? परिषदेने ‘होमोऊसियोस’ हा शब्द घातला. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, असा त्याचा अर्थ. अखेरपर्यंत सही न करणारे दोन बिशप होते, लिबियाचे सेकुंदस आणि थिओनास. त्यांना आरियसबरोबर हद्दपार केलं. हद्दपारीचं मी समर्थन करत नाही. पण ‘सुतार की देव’ असं मतदान तिथे झालंच नाही.

आता त्या रोमन बादशहाचंही ऐका. परिषदेच्या आधी कॉन्स्टंटाइनने आरियसचा बिशप आलेक्झांडर याला आणि आरियसला एक पत्र पाठवलं. इतक्या क्षुल्लक प्रश्नावर कसले भांडता, असा त्याचा सूर आहे. त्याला साम्राज्यात शांतता हवी होती, सिद्धांत कोणता का असेना. पुढे त्यानेच आरियसला परत बोलावलं आणि नायसियाचा कैवारी अथानासियस याला थेट त्रिअरला पाठवून दिलं. ३३७ मध्ये मरणापूर्वी त्याने बाप्तिस्मा घेतला तो निकोमेडियाच्या युसेबियसकडून, म्हणजे आरियसच्या पाठीराख्याकडून. त्याचा मुलगा कॉन्स्टंटियस आरियसपंथीयांच्या बाजूचा, आणि नंतरचा वालेन्सही. अथानासियसने पाच वेळा हद्दपारी भोगली, सगळी मिळून सतरा वर्षांच्या आसपास. बादशहाने सिद्धांत बनवला असता, तर पुढची जवळजवळ पन्नास वर्षं बादशहाच तो मोडायला का निघाले असते? ३८० मध्ये बादशहा थिओडोसियसने हुकूम काढून हाच विश्वास सक्तीचा केला, हे खरं आहे आणि मला ते खटकतं. पण तोवर कॅप्पदोकियाचे बिशप बेसिल आणि दोन ग्रेगरी यांनी ‘एक तत्त्व, तीन व्यक्ती’ ही मांडणी बादशहाच्या मर्जीविरुद्ध उभी केली होती.

आता ३२५ च्या आधीचं. इस्राएलमधल्या मेगिद्दो इथे २००५ मध्ये जमिनीखाली एक जुनी प्रार्थनेची जागा सापडली. तिथल्या रंगीत खड्यांच्या फरशीवरच्या लेखात म्हटलं आहे की अकेप्तूस नावाच्या बाईने ‘देव येशू ख्रिस्त’ याला हे मेज अर्पण केलं. ती फरशी तिसऱ्या शतकातली, कॉन्स्टंटाइनचा जन्मही झाला नव्हता तेव्हाची, असं तिचं उत्खनन करणारे सांगतात. ख्रिस्ती लेखक तर्तुल्यनाने लॅटिनमध्ये ‘त्रिनितास’ (त्रैक्य) हा शब्द वापरला तो तिसऱ्या शतकाच्या आरंभी. येशूला प्रभू म्हणणारी प्रेषित पौलाची पत्रं तर पहिल्या शतकातली.

आणि प्लिनी. नायसिया ज्या प्रांतात आहे त्याच बिथुनियाचा हा रोमन सुभेदार. सन ११२ च्या सुमारास तो सम्राट त्राजानला कळवतो की ही माणसं ठरलेल्या दिवशी पहाटेआधी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात. हा शत्रूपक्षाचा जबाब आहे, परिषदेच्या दोनशे वर्षं आधीचा. त्याच पत्रात तो लिहितो की खरं काय ते काढून घेण्यासाठी मी दोन दासींचा छळ करवला. मंडळीत त्या सेविका होत्या. नावं तो देत नाही. हा उतारा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आजीचं ते सूप आठवलं होतं. त्या दोघींना कोणी काय दिलं होतं?

बाकीच्या मुद्द्यांना फार जागा देत नाही. ‘शब्द बायबलमध्ये नाही’, बरोबर. एकेश्वरवाद हा शब्दही नाही. पण मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या ‘नावाने’ बाप्तिस्मा द्यायला सांगितलं आहे, आणि तिथे ग्रीकमध्ये ‘नाव’ एकवचनी आहे. बेरजेचा मुद्दा मी उत्तर देण्याजोगा मानत नाही. देव म्हणजे टोपलीत मोजून ठेवायची फळं नव्हेत. त्रिमूर्तीबद्दल मूळ लेखातच लिहिलं आहे, ते तुम्ही वाचलेलं दिसत नाही. ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ हे योहान १४:२८, आणि दासाचं रूप घेतलेल्या, म्हणजे माणूस झालेल्या, पुत्राच्या तोंडचं ते वाक्य आहे. त्यावर स्वतंत्रपणे लिहीन.

आम्ही डोळे मिटून गिळतो, असं जे तुम्ही ओळींमधून सुचवता, त्याबद्दल मात्र एक सांगते. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही त्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि शिक्षिका मिस बील यांच्याशी पत्रांतून या सिद्धांतावर वाद घालत होत्या, आणि एका पुरोहितवर्गाचं जोखड फेकून आले ती दुसरं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी कळवलं होतं. माझ्या वडिलांनी ही गोष्ट मला तेराव्या वर्षी सांगितली. मी त्यांना त्रैक्याबद्दल नाही नाही ते विचारत होते, त्या दिवशी. त्यांनी मला गप्प केलं नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. योहान १४:२८ वर बोलायचं असेल तर जरूर लिहा, शक्यतो नावानिशी. मी उत्तर देईन. पोत्याचा उल्लेख पुन्हा आला, तर मात्र ती प्रतिक्रिया इथे राहणार नाही.