ग्रीस थर्मोपिलेच्या खिंडीत वाचला नाही

‘तीनशे स्पार्टन वीरांनी थर्मोपिलेची खिंड लढवली म्हणून ग्रीक संस्कृती वाचली, सालामिसचा विजय वादळाचा आणि वल्ही मारणाऱ्या गुलामांचा’ असा मजकूर मोबाईलवरून फिरतो आहे. (दोन्ही लढाया पर्शियाने ग्रीसवर केलेल्या स्वारीतल्या; थर्मोपिलेची खिंडीतली, तर सालामिसची अथेन्सजवळच्या समुद्रातली.) माझ्या भाचीने तो शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसाठी जसाच्या तसा पाठ केला, म्हणून हे उत्तर.

मजकूर या लढाईला ‘ग्रीसची पावनखिंड’ म्हणतो. बाजीप्रभूंनी शत्रू थोपवला तेवढ्यात महाराज विशाळगडावर पोहोचले. थर्मोपिले मात्र इ.स.पू. ४८० मध्ये तीन दिवसांच्या लढाईत पडले आणि पर्शियाचा सम्राट झर्क्सीस पुढे थेट अथेन्स जाळायला गेला. शेवटपर्यंत तिथे उभ्या राहिलेल्या थेस्पिया या ग्रीक नगराच्या सातशे सैनिकांचा तर मजकुरात उल्लेखही नाही. खिंड तीन दिवस टिकली तीसुद्धा जवळच्या समुद्रात आर्टेमिझियमपाशी ग्रीक आरमाराने पर्शियन जहाजे अडवून धरल्यामुळे. एरवी समुद्रमार्गे मागे सैन्य उतरवून खिंड लढवणारा स्पार्टाचा राजा लिओनिडास याला घेरणे झर्क्सीसला अवघड नव्हते.

ग्रीस कोणामुळे वाचला हा वाद प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने आपल्या इतिहासाच्या सातव्या भागात केव्हाच निकाली काढला आहे. आपले मत बहुतेकांना रुचणार नाही हे मान्य करूनच तो अथेन्सवासीयांना ग्रीसचे तारणहार म्हणतो, कारण समुद्र झर्क्सीसच्या ताब्यात गेला असता तर कॉरिंथच्या संयोगभूमीवर (दक्षिण ग्रीसला जोडणाऱ्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्यावर) कितीही तट बांधले तरी त्यांचा उपयोग झाला नसता. अथेन्सचे हे आरमारही आयत्या वेळी उभे राहिले नव्हते. अथेन्सच्या ताब्यातल्या लॉरियमच्या खाणीतली चांदी नागरिकांत वाटून टाकण्याऐवजी तिच्यातून युद्धनौका बांधाव्यात, हे तिथला नेता थेमिस्टोक्लीस याने काही वर्षे आधीच अथेन्सच्या गळी उतरवले होते. पुढे सालामिसच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत पर्शियनांची संख्याच त्यांच्या अंगाशी आली आणि त्यांची जहाजे एकमेकांवर आदळू लागली.

गुलामांची गोष्ट साफ चुकीची आहे. एका युद्धनौकेवर सुमारे १७० वल्हेकरी असत आणि अथेन्सच्या नौकांवर ते बहुतांशी गरीब, पण स्वतंत्र नागरिक होते. वादळ झाले हे खरे, त्यात पर्शियनांची पुष्कळ जहाजे फुटली हेही खरे. पण ते उत्तर ग्रीसमधल्या मॅग्नेशियाच्या किनाऱ्यावर, सालामिसच्या आधी.

स्पार्टाचे श्रेय द्यायचेच तर ते इ.स.पू. ४७९ मधल्या प्लाटियाच्या लढाईचे द्यावे. तिथे स्पार्टन पॉसेनियसच्या नेतृत्वाखाली ग्रीकांनी उरलेले पर्शियन सैन्य मोडले. मात्र तोवर सालामिसच्या पराभवानंतर झर्क्सीस स्वतः आशियात परतला होता आणि मागे राहिलेला त्याचा सेनापती मार्डोनियस याच्या पाठीशी आरमार उरले नव्हते.