यंत्रमागावर माहितीपट काढणाऱ्यांस चार समजुतीच्या गोष्टी

गोदाघाटावर आता कॅमेरा टेकायला जागा उरलेली नाही. रामकुंडावरची पहाट, ओल्या पंचातले आजोबा, द्रोणातला दिवा, सगळं काढून झालं आहे आणि सिंहस्थ उरकेपर्यंत आणखी शेकडो लोक तेच काढणार आहेत. तेव्हा तुमच्यासारख्या संवेदनशील नाशिककराने जरा लांब नजर टाकावी. आपल्याच जिल्ह्यात, आग्रा रोडने शंभरेक किलोमीटरवर मालेगाव आहे. तिथे लाखाच्या वर यंत्रमाग आहेत आणि त्यातले बहुतेक तुम्हाला हवेत तसेच आहेत: जुने, काळे, तेलकट. उजेडाचं तर विचारूच नका. पत्र्याच्या भोकांतून तिरपे कवडसे येतात, त्यात कापसाचे तंतू तरंगतात. हे तंतू कामगाराच्या भुवयांवर, केसांत आणि छातीतही बसतात, पण छातीत लेन्स जात नाही, तेव्हा भुवयांवर भागवा.

मदतीसाठी अर्ज करणार असाल तर पहिल्याच परिच्छेदात दादासाहेब फाळके आले पाहिजेत. १८७० साली त्र्यंबकेश्वरात जन्मले, पुढे सिनेमाची कंपनी नाशकात चालवली, देह इथेच ठेवला. तुमचा आणि त्यांचा संबंध पिनकोडापुरता असला तरी समितीवरच्या मंडळींना तेवढा पुरतो. माहितीपटाचं नाव 'ताणेबाणे' ठेवा. आधी कोणी ठेवलेलं असलं तर 'आयुष्याचे ताणेबाणे' ठेवा.

वाराचं मात्र भान ठेवा. शुक्रवारी जाऊ नका. मालेगावात साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची, त्या दिवशी माग बंद. कामगार अंघोळ करून इस्त्रीचे कपडे घालतो, नमाजाला जातो, पोरांना घेऊन मोसम पुलाकडे फिरतो, मित्रांच्या टपल्या खातो, खो-खो हसतो. म्हणजे तुमच्या काहीच कामाचा नाही. तुम्हाला हवा आहे तो शनिवारी सापडेल, बारा तासांच्या पाळीच्या शेवटच्या तासाला.

आता मुलाखत. धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा. साधा धोट्याचा माग मिनिटाला शंभरावर खेपा मारतो. धोट्यात बसवलेल्या कांडीवरचं सूत काही मिनिटांत संपतं. मग कामगाराने हँडल ओढून माग थांबवायचा, धोटा उपसायचा, रिकामी कांडी काढून भरलेली बसवायची, सुताचं टोक धोट्याच्या डोळ्यातून ओढून घ्यायचं, धोटा परत सारायचा आणि माग सोडायचा. एवढ्यात शेजारच्या मागाची कांडी संपलेली असते. असे सहा-आठ माग एकाच माणसाकडे. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला तर हा जुना माग आपण होऊन थांबत नाही, बिनधास्त विणत राहतो आणि कापडात फट पडत जाते. ती नजरेने पकडायची. नाही पकडली तर मजुरीतून वजावट. मजुरी विणलेल्या मीटरवर असते. हा माणूस तुमच्याशी वीस मिनिटं बोलला तर तेवढे मीटर बुडाले. पण तुम्ही मन घट्ट करा. अर्ध्या तासाची मजुरी गेली तर गेली, तुम्ही त्याला अजरामर करताय. मीटरचा भाव काय, उचल किती घेतली आहे आणि ती फिटेपर्यंत दुसऱ्या कारखान्यात जाता येतं का, हे असले रूक्ष प्रश्न टाळा. त्याऐवजी विचारा, 'तुमची स्वप्नं काय आहेत?' तो गोंधळून गप्प बसेल. ती शांतता कापू नका, पुरस्कार तिलाच मिळतो.

कांड्या भरणाऱ्या बायका दिसल्या तर त्यांचे फक्त हात घ्या. सुरकुतलेले असले तर उत्तम. हातांना मत नसतं, आणि मजुरी देताना वजनात किती मारतात हे हात सांगत नाहीत.

आवाजाचा प्रश्न जरा अवघड आहे. कारखान्यात शिरलात की तुमचा साउंडवाला कानावरचा हेडफोन काढून फेकेल. आठ तासांच्या पाळीला नव्वद डेसिबल ही आपल्याकडची कमाल मर्यादा. मागांच्या खोलीत आवाज तिच्या वर जातो, आणि पाळी तर बाराची. १९४८ च्या कारखाने कायद्यात जे आजार सरकारला कळवायचे म्हणून यादी आहे, त्यात गोंगाटाने येणारं बहिरेपण घातलेलं होतं. कळवणार कोण, हा वेगळा विषय. तिथली माणसं एकमेकांशी ओठ वाचून आणि खुणांनी बोलतात; घरी गेल्यावर मोठ्याने बोलतात आणि बायकोला वाटतं चिडलेत. तुम्ही हा आवाज जसाच्या तसा ठेवलात तर नाशकातल्या गंगापूर रोडचा सुखवस्तू प्रेक्षक तिसऱ्या मिनिटाला बाहेर जाऊन चहा मागेल. म्हणून आवाज बंद करा आणि बासरी लावा. धोटा संथ गतीत इकडून तिकडे, वर बासरी आणि एखाद्या खर्जातल्या नटाचं निवेदन. प्रेक्षक डोळे मिटून ऐकेल. कामगाराने एकदा तरी आपला माग असा बासरीत ऐकायला हवा होता, बिचाऱ्याला आता बासरीही ऐकू यायची नाही.

इतिहास थोडासाच घाला, तोही निवडून. १८५७ नंतर उत्तरेतून विणकर इथे आले, हे चालेल, त्यावर बैलगाडीचं एखादं चित्र टाकता येतं. मुंबईच्या गिरण्यांजवळ मात्र सांभाळून. १८ जानेवारी १९८२, दत्ता सामंतांचा संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार, गिरणगाव, भोंगा, एवढं म्हटलं की आपल्याकडे गळा दाटून येतो, आणि तो यावाच. पुढचं सांगू नका. संप चालू असताना मालकांनी कापड विणून घेतलं ते भिवंडी-मालेगावच्या मागांवर. पुढे गिरण्यांनी भंगारात काढलेले माग बरेच इकडेच आले. ज्या सांगाड्याचा तुम्ही इतक्या प्रेमाने क्लोजअप घेताय, तो कदाचित लालबाग-परळमधून विकत आलेला असेल. मग प्रेक्षकाने रडायचं कोणासाठी? लालबागच्या माणसाचं काम गेलं त्याच्यासाठी, की ते काम निम्म्याहून कमी संरक्षणात, ना प्रॉव्हिडंट फंड ना ईएसआयचा कामगार विमा, ज्याच्या गळ्यात पडलं त्याच्यासाठी? फुकट पास घेऊन आलेल्या माणसाला अशा पेचात टाकणं बरं नव्हे.

कारखान्याच्या मालकाचं, म्हणजे शेठचं, काय करायचं? शूटिंगची परवानगी तोच देतो, वर चहा-खारी देतो. त्यामुळे एकाच छपराखाली भावाच्या नावे काही माग, बायकोच्या नावे काही, मेहुण्याच्या नावे उरलेले असं का, हे विचारणं असभ्यपणाचं होईल. प्रत्येक नावावर कामगार मोजके राहिले की कारखान्यांचा कायदा दारातूनच परत जातो, एवढंच. पण शेठला सरळ खलनायक करायला जाल तरी फसाल. अनेकांकडे दहा-बारा मागच असतात. सूत व्यापाऱ्याचं, विणलेलं कापडही व्यापाऱ्याचं. शेठला मिळते ती विणायची मजुरी, आणि त्यात विजेचं बिल. सुताचा भाव चढला की व्यापारी हात आखडतो, शेठ माग बंद ठेवतो, आणि मीटरवर मजुरी घेणारा कामगार घरी बसतो. खरं तर माझ्या मते अख्ख्या माहितीपटात हाच भाग रंगला असता. पण त्याला हिशेबाच्या वह्या दाखवाव्या लागतात, आणि वहीवर कवडसा फारसा चांगला पडत नाही.

एक धोका आधीच सांगून ठेवतो. मालेगावच्या लोकांना कॅमेरा नवा नाही. तिथे हौशी मंडळी कित्येक वर्षं स्वतःचे सिनेमे काढतात, गाजलेल्या हिंदी सिनेमांची विडंबनं. सायकलवर कॅमेरा बांधून ट्रॉली करतात, बैलगाडीची क्रेन करतात. दिवसभर माग चालवणारा माणूस त्यात डाकू होतो, सुपरहिरो होतो. म्हणजे ज्याला तुम्ही 'आवाज नसलेला' म्हणून निवेदनात घालणार, तो तुम्हाला विचारेल, 'भाई, ये लेन्स कितने की आई?' वर सल्ला देईल की सीन फार लांबतोय, एखादा विनोद टाका. त्याचं ऐकू नका. गंमत म्हणजे हातात कॅमेरा आल्यावर यांच्यातल्या फारशा कोणाला आपला माग दाखवावासा वाटला नाही, बहुतेकांनी मारामाऱ्या आणि हशा दाखवला. याचा अर्थ काय, ते शोधत बसाल तर माहितीपट सणासुदीच्या आत पुरा व्हायचा नाही.

शेवटी नाशकातला खेळ. रविवारी संध्याकाळी ठेवा, म्हणजे आपली माणसं येतात. एका कामगाराला बोलवा, मात्र एकालाच. चौघे आले तर आपसात बोलायला लागतात. त्याची रविवारची पाळी बुडेल. त्या बदल्यात शाल, श्रीफळ आणि पहिल्या रांगेतली खुर्ची. 'आपले कामगारबंधू' म्हणून ओळख करून द्या. नाव उच्चारताना चुकलात तरी चालेल, त्याला नीट ऐकू जाणार नाही. एसटीचं भाडं विचारायची त्याला लाज वाटेल, तुम्हालाही द्यायची आठवण राहणार नाही, हिशेब बरोबर.

प्रश्नोत्तरांत एखादा निवृत्त कामगार-पुढारी उठून विचारेलच, की मजुरीचा दर का नाही सांगितला. त्याला म्हणा, 'मला उत्तरं द्यायची नव्हती, प्रश्न उभे करायचे होते.' टाळ्या पडतात. तेवढ्यात माइक काढून घ्या.

आणि त्याच रात्री पुढच्या विषयाला लागा, उत्साह थंड होऊ देऊ नका. सिन्नरला विड्या वळणाऱ्या बायका आहेत. तेंदूपानाचा रंग कॅमेऱ्यात झकास येतो, नाशकापासून जेमतेम तासाचं अंतर, आणि विडी वळताना आवाज होत नाही, म्हणजे साउंडवाल्याचा खर्चही वाचला.