बोलिंगचा बॉल म्हणजे नुसता प्लास्टिकचा गोळा? नाही, भो!

सुट्टीत पोरं पुण्या-सुरतेच्या मॉलमध्ये टेनपिन बोलिंग (लांब पट्टीवर, म्हणजे लेनवर, बॉल घरंगळवून टोकाच्या दहा पिना पाडायचा खेळ) खेळून आली की जळगाव-भुसावळकडच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचं म्हणणं असं: बॉल आतबाहेर एकच भरीव प्लास्टिक, जड बॉल आकारानेही मोठा, भोकं कारखान्यातच सगळ्यांसाठी सारखी पडतात आणि बॉल वळतो तो निव्वळ मनगटामुळे. सबब, स्वतःचा बॉल घेणं म्हणजे पैशांची नासाडी.

आकाराचं आधी उरकू. ८ पौंडी असो की १६ पौंडी, व्यास साधारण साडेआठ इंचच. १६ पौंड, म्हणजे सव्वासात किलो, ही नियमातली कमाल मर्यादा. आता एकच माल, एकच माप, तर वजनं वेगळी निघतील कशी? एवढ्या आकाराचं पाणी साधारण सव्वापाच किलो भरतं. म्हणून १० पौंडी बॉल तापीत टाकला तर तरंगेल, १४ पौंडी थेट तळाला जाईल.

फरक पोटात असतो. साच्यात आधी जड मिश्रणाचा गाभा ओततात, बऱ्याचदा विजेच्या बल्बच्या आकाराचा. त्याभोवती भराव आणि वरून कवच. मॉलमधल्या बॉलचा गाभा अगदी साधा असतो, एवढं मान्य.

भोकांबद्दल मात्र मेसेज साफ चुकतो. खेळाडूचा बॉल बिनभोकाचाच येतो. सराफ बाजारात अंगठीआधी बोटाचं माप घेतात, तसं ड्रिलवाला हाताचं घेतो, फक्त इथे मापं बरीच. अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंतचं आणि अनामिकेपर्यंतचं अंतर वेगवेगळं मोजतात. प्रत्येक भोकाची रुंदी आणि आत जाणारा तिरकसपणा ठरवतात. बोटं दुसऱ्या पेरापर्यंत घालायची की पहिल्याच, यावरही अंतर बदलतं. ते जास्त झालं तर हात ताणला जातो, कमी झालं तर बॉल मुठीत आवळावा लागतो. खेळता खेळता अंगठा सुजतो-ओसरतो, म्हणून सराईत लोक त्या भोकात टेपच्या पट्ट्या चिकटवतात, काढतात. शिवाय गाभ्याच्या हिशोबाने भोकं कुठे पाडली, यावर बॉलची वाट बदलते.

राहिलं मनगट. त्याचं काम आहेच, पण एकट्याचं नाही. ६० फुटी लेनवर पहिल्या साधारण ४० फुटांना तेल लावलेलं असतं. पॉलिएस्टरचा, म्हणजे साध्या प्लास्टिकच्या कवचाचा बॉल पुढच्या कोरड्या भागातही बराचसा सरळ जातो. १९९०च्या सुमारास आलेला रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनच्या (जास्त घर्षणाच्या मालाच्या) कवचाचा बॉल तिथे पकड घेतो आणि वळतो. मनगट तेच, बॉल बदलला की वाट बदलली. म्हणूनच कोपऱ्यातली एकटी पिन पाडायला व्यावसायिक खेळाडूही मुद्दाम प्लास्टिकचा बॉल काढतात.

वर्षातून दोनदा मॉलमध्ये खेळणाऱ्याने स्वतःचा बॉल घेऊ नये, हे माझंही मत. पण रॅकवरून उचलताना वजनाच्या आकड्याबरोबर अंगठाही घालून बघा. अडकत असेल किंवा खुळखुळत असेल, तर दुसरा घ्या.