खाजनांची सुधारणा मानशीच्या पावणीपासून सुरू करा

राज्याला नवी उभारी देण्यासाठी सुधारणांच्या याद्या निघताहेत. शेतीपुरतं विचाराल तर गोव्यात पहिली सुधारणा खाजनांची व्हायला हवी, आणि तीही मानशीच्या पावणीपासून, म्हणजे लिलावापासून.

खाजन म्हणजे भरतीच्या पातळीखालची शेतजमीन. बांध आहे म्हणून तिथे शेती आहे. त्या बांधातलं पाण्याचं दार ती मानस. तिची लाकडी दारं वरून टांगलेली असतात. भरतीला नदीचं पाणी ती बाहेरून दाबून मिटतं, सुकतीला आतलं पाणी ढकलून उघडतं. वीज नको, मोटर नको.

या मानशीवरच्या मासळीची पावणी होते. पैसा कूळ संघाकडे, म्हणजे कसणाऱ्या कुळांच्या संघटनेकडे जातो, त्यातून बांध राखायचा असतो. पण पावणी घेणाऱ्याला हवी कोळंबी, आणि ती आत येते भरतीच्या खाऱ्या पाण्याबरोबर. म्हणून भरतीला दारं दोरीने वर बांधून ठेवतात आणि सुकतीला तोंडावर जाळं लावतात. थोडं पाणी आत घेणं पूर्वापार चालत आलंय, ते पोंयीत, म्हणजे बांधाच्या आतल्या खोलगट पाणवठ्यात, मावायचं. पोंय गाळाने भरली की तेच पाणी शेतावर चढतं. अशी दोन-चार उधाणं गेली की जमिनीवर मीठ फुलतं. शिवाय सताड उघड्या दारातून येणारा लोट मानशीच्या पायाखालची माती खरवडत राहतो. मग एखाद्या अवसेच्या उधाणात मानस बांधासकट बसते. लोक दोष पावसाला देतात.

पूर्वी यावर कोमुनिदादची, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेची, नजर असायची. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमीन दिली, ते योग्यच झालं. पण बांध ज्या संघांकडे आला, त्यांतले कितीतरी सभासद आज नांगर धरत नाहीत. शेत पडीक असलं की भातापेक्षा पावणीचा वाटा गोड लागतो. म्हणून पावणीवर मत फक्त त्या वर्षी पेरणी केलेल्यालाच असावं. ही दुरुस्ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

पावणीच्या करारात अटीही स्पष्ट हव्यात: मानशीच्या चिऱ्यावर पाण्याच्या पातळीची खूण, तिच्यावर पाणी गेलं तर अनामत जप्त, आणि पेरणीपासून कापणीपर्यंत भरतीचं पाणी आत घ्यायचंच नाही.

बांधाचा निधी नोव्हेंबरात हातात पडला पाहिजे. चिखलाचा बांध थरावर थर घालून, प्रत्येक थर सुकू देऊन उभा राहतो. मे महिन्यात वर्क ऑर्डर काढून घातलेला बांध पहिल्या मोठ्या पावसातच खचतो, कारण आतला चिखल ओलाच असतो. खेकड्यांची बिळं बुजवायचं कामही उन्हाळ्यातलंच.

बियाण्याची अडचण तेवढी नाही. खारं सोसणारं कोरगूट हे भाताचं वाण आपल्याकडे आहेच, जुन्या गोव्याच्या संशोधन संस्थेने काढलेली गोवा धानची वाणंही आहेत. कोरगुटाचं पीक कमी येतं, तेव्हा आधारभूत किमतीत त्याला वेगळा दर द्या.

भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध घातले. त्याच वर्षी नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) घालून जमिनीचा विभाग (झोन) बदलण्याची वाटही उघडली. खारं पाणी शिरून पडीक पडलेलं शेत अशा वाटेला लवकर लागतं.

येत्या ग्रामसभेत पावणीच्या कराराची प्रत मागा. दारं वर बांधून ठेवायला मनाई करणारी अट त्यात आहे का, ते वाचून बघा. नसेल तर पुढच्या पावणीआधी ती घालून घ्या.