विकणे आहे : दरीसन्मुख बंगला, कॉटेजसह

घ्याच. दोन फ्लॅट, सोसायटीची सेक्रेटरीगिरी आणि बीपीची गोळी एवढं पदरात पडलं की माणसाला एकच उणीव छळते, ती म्हणजे डोंगरावर आपला जुना बंगला नाही. तेव्हा रविवारच्या पुरवणीत 'माथेरान : ब्रिटिशकालीन बंगला, स्वतंत्र कॉटेज, दोन एकर वनराई, दरीचा देखावा' अशी जाहिरात दिसली की विचार करत बसू नका. विचार करणारे लोक शनिवारी तिथे खोली घेतात, भजी खातात आणि सोमवारी कामावर जातात. त्यांच्या नशिबात बंगला नसतो.

आधी इतिहास पाठ करा, कारण पैसे त्याचेच मोजायचे आहेत. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून आला, त्याला हवा मानवली, आणि पुढे गोऱ्या साहेबांपासून पारशी-बोहरी शेठांपर्यंत अनेकांनी इथे बंगले बांधले. पाहुण्यांसमोर त्याला 'आपला मॅलेट' म्हणायची सवय लावून घ्या. डोंगराच्या अंगाखांद्यावर ठाकर, कातकरी, धनगर आधीपासून होतेच. पण त्यांनी डोंगर शोधला नाही, ते नुसते राहत होते. जाहिरातीत त्यांना जागा नाही.

बंगला बघायला जाल तेव्हा दलालाचे शब्द नीट ऐका. जिना करकरतो? 'कॅरॅक्टर आहे, साहेब.' भिंतीवर ओल चढलीय? 'ओरिजिनल जांभा दगड.' वारस आठ, त्यातले तीन कॅनडात. एवढ्या माणसांचं आयुष्यात पहिल्यांदाच एकमत झालंय आणि ते विकण्यावर झालंय, यात तुम्हाला काही वावगं वाटू देऊ नका.

'मालकी' हा शब्द मात्र दलाल जरा पुटपुटेल. इथले बरेच प्लॉट सरकारी भाडेपट्ट्यावरचे. म्हणजे भिंती तुमच्या, कौलं तुमची, गळती तर सर्वस्वी तुमची. जमीन तेवढी सरकारची. वनराईतली जांभळी सरकारजमा, तिच्याखाली घसरून मोडलेला पाय खासगी. शिवाय २००३ पासून माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तेव्हा मनातल्या मनात वर एक मजला चढवला असेल तर तो मनातच राहू द्या. (तसा तो तिथेच छान दिसतो, आणि गळतही नाही.)

तुमची नवी एसयूव्ही दस्तुरी नाक्यावर उभी राहील. पुढे लाल मातीतून पायी, नाहीतर घोडा, पूर्वी हातरिक्षा, आणि आता ई-रिक्षा. सिमेंटचं पोतं, वाळू, संडासाचं भांडं, सगळं असंच कुणाच्या तरी पाठीवरून किंवा हातगाडीवरून येतं. घोड्यावर बसून येणारं आपल्या बाथरूमचं बेसिन एकदा बघाच. लग्नात तुम्हीही इतके ऐटीत दिसला नव्हता. छोट्या आगगाडीचं म्हणाल, तर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने १९०७ साली ती नेरळहून वर आणली. पण भर पावसाळ्यात नेरळहून ती वर येत नाही, आणि छपराला तर तेवढाच मुहूर्त माहीत असतो. दरीचा देखावाही त्या दिवसांत धुक्याच्या मागे असतो. पैसे देखाव्याचे दिलेत, धुकं वर फुकट.

आता कॉटेज. जाहिरातीतलं स्वतंत्र कॉटेज म्हणजे माळ्याची खोली. तिथे माळीकाका राहतात, त्यांच्या आधी त्यांचे वडील राहत होते. या काळात बंगल्याचे मालक बदलले, माळी बदलला नाही. 'स्वतंत्र' हे विशेषण खोलीचं नसून त्यांचं आहे, हे खरेदीखतावर सही करण्याआधी समजलं तर बरं. पाण्याच्या टाकीची चावी त्यांच्याकडे. कुठला फ्यूज कुठल्या खोलीचा, ते त्यांच्या डोक्यात. व्हरांड्यातली माकडं तुमच्या 'हट्, हट्'ला जांभई देतात आणि काकांच्या नुसत्या खाकरण्याने पळतात. तुम्ही वर्षातून चार दिवस येणार, तेही मेमध्ये, आणि आल्या आल्या त्यांना विचारणार, 'काका, गरम पाणी मिळेल का?' मालकाने असं विचारू नये, असं वाटेल. तीन वर्षांनी तेही वाटेनासं होतं.

आणि एकदा हौसेने जूनमध्येच या. घराला मोठ्या कपाटाच्या पोटातला वास असेल, गाद्या ओलसर असतील. रात्री दोनला कौल सरकेल आणि थेंब बरोबर कपाळावर पडेल. पलंग सरकवा. थेंबही सरकेल. मग डोक्यावर टॉवेल घेऊन, बॅटरीच्या उजेडात, आपल्याच बागेतून घसरत कॉटेजकडे जा. तिथलं छप्पर कोरडं असतं, कारण काका दर वैशाखात स्वतः वर चढून कौलं चाळतात. दार वाजवायची गरज पडणार नाही. काकू चुलीशी चहा गाळत असतील, भिंतीकडेला चटई आणि घोंगडी आधीच घातलेली असेल.

'या शेठ,' काका म्हणतील. 'जुने शेठपण पावसाचे इथंच झोपायचे.'