मुंग्यांनो, भाडं तरी द्या!

साखरेचा डबा घट्ट बंद. ओटा लख्ख पुसलेला. तरी सकाळी रांग हजर! कुठून येता गं बायांनो? टाइल्सच्या सांध्यातून, खिडकीच्या फटीतून, परवा तर चक्क स्विचबोर्डच्या भोकातून एकेक बाहेर पडत होती. तिथे कोणी गोड ठेवलंय?

त्यात सल्लागार. खडू ओढा. व्हिनेगरने पुसा. स्प्रे मारा. मारला की! ओट्यावरच्या मेल्या, पण राणी आत खुशाल अंडी घालतेय, तिला काय फरक पडतो? मग म्हणे साखरेच्या पाण्यात चिमूटभर बोरॅक्स, म्हणजे मुंग्यांना विष ठरणारा टाकणखार, कालवा, कामकरी मुंग्या ते घरी नेऊन सगळ्यांना भरवतील. म्हणजे आता मीच यांना वाढायचं, आणि वर दिवसेंदिवस वाट बघायची!

बागेत तर यांनी डेअरीच काढलीय. गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यावर मावा, ती रस शोषणारी बारीक कीड, बसलेला, आणि या बाया त्याला मिशांनी गुदगुल्या करून त्याचा गोड चिकटा पितात. मावा खाणारा ठिपक्यांचा लाल भुंगेरा आला की त्यालाच हुसकावतात. झाड माझं, पाणी माझं, खत माझं, आणि दूध यांचं? बरं, कुंडी जरा सरकवायला जावं तर कडकडून चावतात कोणाला? मलाच!