प्रत्येक डावात घुसलंच पाहिजे का?

दिवाळीत तीन पत्ती खेळलो म्हणजे पोकर आलंच, हे आमच्या इंदूरच्या मंडळींना कोणी सांगितलं? हातात सत्ती-दुर्री, तीही वेगवेगळ्या रंगांची. टेक्सास होल्डेममध्ये, म्हणजे पोकरच्या सगळ्यात चालणाऱ्या प्रकारात, याहून रद्दी हात नाही मानत. तरी "बघू तर" म्हणत पैसे टाकणार! काय बघणार, कपाळ? एकाच रंगाचे पाच जमवायचे म्हणून बदामाचे चार जमले की पाचवा जणू सराफ्याच्या खाऊगल्लीतून पार्सल येतोय. अरे, शेवटचा एकच पत्ता उरलाय, न दिसलेल्या ४६ पत्त्यांत बदाम फक्त ९. पाचात एकदासुद्धा धड लागत नाही! वर "भिया, ब्लफ मारतो", म्हणजे रद्दी पत्त्यांवर आव आणून समोरच्याला पळवतो. कुणाला? जे जन्मात डाव सोडत नाहीत, त्या मामांना? आणि हरले की रक्कम दुप्पट, शिव्या मात्र पत्ते पिसणाऱ्याला. एखादा डाव सोडून गुपचूप पोहे खाल्ले तर अंगाला भोकं पडतात का?